वासांचा त्रास आणि ठाण्यातलं क्लिनिक: मे ते दिवाळीचा अनुभव

अत्तर, फिनाईल, ताजा रंग, पेस्ट कंट्रोल, यातलं काहीही जवळ आलं की माझं डोकं जड होतं, घसा आवळतो, डोळे चुरचुरतात. महापेच्या ऑफिसात नवीन फर्निचर आल्यापासून हे फारच वाढलं. मे महिन्यापासून मी नौपाड्यातल्या एका छोट्या क्लिनिकात उपचार घेतेय. घरात-ऑफिसात ज्यांना "उगाच वासांचं खूळ घेतलंस" असं ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

या त्रासाला मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी म्हणतात. अमेरिकेतल्या डॉ. मार्क कलेन यांनी १९८७ मध्ये त्याची व्याख्या मांडली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान नाही, रक्ताच्या तपासणीत तो सापडत नाही, आणि वास लपवून घेतलेल्या चाचण्यांत रसायन कोणतं नि साधी हवा कोणती हे रुग्णांना खात्रीने ओळखता आलेलं नाही. डॉक्टरांनी हे सगळं पहिल्याच भेटीत सांगितलं. पुढे म्हणाल्या, "त्रास खरा आहे. कारण एकच असेल असं नाही. एकेक वेगळं काढू." याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी तपासायच्या आतच 'डिटॉक्स' सलाईनचं महागडं पॅकेज पुढे आलं होतं. तो फरक मला फार मोठा वाटला.

सुरुवातीला ५० मुद्द्यांची प्रश्नावली भरून घेतली. डिझेलच्या धुराने किती त्रास होतो, नवीन गालिच्याने किती, असं बहुतेक ठिकाणी ० ते १० मध्ये लिहायचं. मग फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी झाली. दमा निघाला नाही. त्यानंतर पॅच टेस्ट. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तास तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही. घामाच्या दिवसांत ते हाल विचारू नका, जमलं तर थंडीत करा. पण त्यातूनच सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची खरीखुरी ॲलर्जी सापडली. मानेवरचं पुरळ डिटर्जंट आणि क्रीम बदलल्यावर गेलं. डोकेदुखीचा उलगडा मात्र या तपासण्यांत झाला नाही.

तिथे कामी आली ती वही. वेळ, जागा, वास, त्रास, आणि त्या दिवशी झोप नि जेवण कसं होतं, हे रोज लिहायचं. ऑफिसातल्या पार्टिकल बोर्डच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड बराच काळ सुटत राहतं आणि उकाड्यात, दमटपणात जास्त सुटतं. माझे वाईट दिवस नेमके एसी बंद राहिलेल्या सुट्ट्यांनंतरचे होते. वही दाखवून मी खिडकीजवळची जागा मागितली, ती मिळाली. कोपरखैरण्याला घरी सोसायटीकडून झुरळांसाठी फवारणीऐवजी जेल लावून घेतो. सासूबाईंनी तर स्वतःहून अगरबत्ती बंद केली, देवापुढे आता तुपाचं निरांजन असतं. मला त्याचं किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

समुपदेशकाकडेही पाठवलं. श्वासाचे व्यायाम आणि थोड्या थोड्या वेळासाठी बाजारात जाणं, असा तो भाग आहे. लोकलच्या लेडीज डब्यात परफ्यूमचा भपकारा आला की आता छातीत धडधड पूर्वीइतकी होत नाही. डोकं मात्र अजूनही दुखतं. दिवाळीत शेजारी रंगकाम निघालं तेव्हा दोन दिवस माहेरी ऐरोलीला जावं लागलं.

तक्रारीही आहेत. क्लिनिकमध्ये रूम फ्रेशनर नाही, कर्मचारी बिनवासाचा साबण वापरतात, पण इमारतीचा जिना फिनाईलने पुसतात. तो पुसायच्या आधीची सकाळची पहिली वेळ मागून घ्या. वेळ मिळायला बरेच दिवस लागतात. विम्यातून मला काहीच मिळालं नाही, कारण सगळा खर्च ओपीडीचा.

धाप लागत असेल किंवा ओठ-चेहरा सुजत असेल, तर अशा क्लिनिकची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. बाकीच्यांनी जाताना घरातल्या साबण, डिटर्जंट, क्रीमच्या लेबलांचे फोटो न्या. डॉक्टर ते एकेक करून वाचतात.