पोरं घडवायची की तयार गडी आणायचे? बझरबीटरमधल्या दोन वाटा

बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल व्यवस्थापन खेळात नवा संघ हाती आला की पहिल्या काही आठवड्यांतच एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पुढचे सहा-सात हंगाम पाठ सोडत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची तीन पोरं घेऊन त्यांना पंचविशीपर्यंत घडवायचं, की बाजारातून तिशीच्या आसपासचे तयार गडी आणून लगेच सामने जिंकायला लागायचं? बहुतेक जण हा हिशेब पैशांत मांडतात. तो मिनिटांत मांडला तर उत्तर लवकर सापडतं.

आठवड्याला तीन सामने, प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा. सराव मैदानावरच्या जागेशी बांधलेला असतो: त्या जागेवर सामन्यात खेळलेली मिनिटंच मोजली जातात. एकाच जागेचा सराव लावला तर त्या जागेवर आठवड्याभरात १४४ मिनिटं मिळतात. पूर्ण सरावासाठी एका खेळाडूला ४८ मिनिटं लागतात, म्हणजे तीन पोरं. दोन जागांचा सराव लावला तर २८८ मिनिटं, सहा पोरं, पण प्रत्येकाचा वेग कमी. मिनिटं लीगच्या सामन्यातली, कपातली की सराव सामन्यातली, याने फरक पडत नाही. संघाकडे दर आठवड्याला येणारं खरं भांडवल हेच. पोरं घडवणारा ते वापरतो. तयार गडी आणणारा ते बरंचसं वाया घालवतो आणि त्या बदल्यात विजय घेतो.

पोरं घडवण्याची वाट

खेळात एक हंगाम म्हणजे खेळाडूच्या वयाचं एक वर्ष, म्हणून अठराव्या वर्षी घेतलेला खेळाडू पंचविशीपर्यंत सरावात ठेवला तर सात हंगाम होतात. हंगाम १४ आठवड्यांचा, दर आठवड्याला एक सराव, म्हणजे ९८ सराव. खऱ्या घड्याळात जवळजवळ दोन वर्षं. त्यामुळे निवडीतली चूक फार महाग पडते. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: वय, उंची आणि पोटेन्शियल. बुटक्या पोरांची गार्डची, म्हणजे बास्केटपासून लांब खेळणाऱ्यांची, कौशल्यं भराभर वाढतात, उंचांची आतली, म्हणजे बास्केटजवळची, कौशल्यं. २१० सेंटीमीटरच्या पोराला बाहेरचा बचाव शिकवता येतो, पण आठवडे मोजताना धीर सुटतो. पोटेन्शियल हे छत आहे. त्याच्या जवळ पोचलं की वाढ मंदावते आणि सरावाचे आठवडे जवळपास फुकट जातात. लांब पल्ल्यासाठी घेतलेल्या पोराचं छत किमान ‘ऑलस्टार’ या पोटेन्शियलच्या पायरीचं असावं. त्याखालचं पोर दोन-तीन हंगाम घडवून विकायला ठीक आहे, पण त्याच्याभोवती संघ बांधू नये.

अठराचं कच्चं पोर की एकोणीसचं थोडं तयार, हा प्रश्न नेहमी पडतो. एक वर्ष म्हणजे १४ सराव, आणि ते लहान वयातले, म्हणजे सगळ्यात वेगाचे. एकोणीसच्या पोराकडे तेवढी जास्तीची कौशल्यं आधीच असतील तरच तो घ्यावा. नुसता पगार जास्त दिसतो म्हणून तो पुढे आहे असं समजू नये. पगार एखाद्याच कौशल्यामुळे फुगलेला असू शकतो.

या वाटेचं खरं मोल मैदानावर मोजावं लागतं. समजा, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरला पासिंग शिकवायचं आहे. पासिंगचा सराव चेंडू पुढे नेणाऱ्या पॉइंट गार्डच्या जागेचा, म्हणून तो त्या आठवड्यात पॉइंट गार्ड म्हणून उभा राहणार. त्याचं हँडलिंग (चेंडूवरचा ताबा) कच्चं, म्हणून चेंडू हातातून जातो. बाहेरचा बचाव नाही, म्हणून समोरचा गार्ड मोकळा होऊन बास्केट टाकत राहतो. रिबाउंडसाठी जो उंच माणूस आत हवा होता, तो तिथे नसतो. एकाच बदलाने संघ तीन ठिकाणी फुटतो. म्हणून असा जागेबाहेरचा सराव पहिल्या दोन हंगामांत उरकावा. तेव्हा लीग खालची असते, हरण्याचं नुकसान कमी असतं आणि पोराचं वयही सर्वात कोवळं असतं.

मिनिटं बुडतात ती बहुतेक दोन कारणांनी. सामना एकतर्फी झाला की प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बसवतो आणि पोराच्या खात्यात ४८ ऐवजी अडतीसच मिनिटं पडतात. दुसरं कारण फाऊल: ते भरले की पोर बाहेर. पहिल्यावर उपाय सोपा आहे. संघ लावताना त्या जागेच्या ओळीत मुख्य, राखीव आणि तिसरा अशा तिन्ही रकान्यांत त्याच पोराचं नाव टाकावं. फाऊलवर असा पक्का उपाय नाही. सराव शुक्रवारी लागू होतो; त्याच्या आधीच्या शेवटच्या सामन्याचा संघ लावण्याआधी तिघांची मिनिटं उघडून पाहावीत. कोणाची बारा मिनिटं कमी पडली असतील तर त्याला तिथे राखीव म्हणून घुसवता येतं. हे पाच मिनिटांचं काम जो नेमाने करतो, त्याची पोरं हंगामाअखेर वेगळीच दिसतात.

तयार गडी आणण्याची वाट

यात निकाल लगेच दिसतो. पाच चांगले गडी, दोन-तीन राखीव, आणि लीगच्या २२ सामन्यांत संघ वरच्या फळीत. तिकिटांचं उत्पन्न वाढतं, चाहते खूश राहतात. खेळाडूंचा फॉर्म सांभाळणंही सोपं जातं: आठवड्याला साधारण ५० ते ७० मिनिटं दिली की तो टिकतो, आणि सरावाची जागा आडवी येत नसल्याने मिनिटं हवी तशी वाटता येतात. वेळ कमी असणाऱ्याला ही वाट जास्त मानवते.

अडचण पगारात आहे. तयार खेळाडूचा आठवड्याचा पगार संघाचं उत्पन्न खातो आणि स्टेडियम वाढवायला काही उरत नाही. त्यात तिशी ओलांडलेला गडी दर हंगामाला बाजारात स्वस्त होत जातो आणि पुढे त्याची कौशल्यंही उतरायला लागतात. तो विकून नवा आणताना दर वेळी थोडी पदरमोड होते. शिवाय विकत घेतलेला खेळाडू लगेच विकला तर विक्रीतला मोठा वाटा कापला जातो, म्हणून घाईने घ्या-विका करणं अंगलट येतं.

इथे पगार वाचायला शिकणं फार महत्त्वाचं. पगार खेळाडूच्या सर्वात भारी जागेच्या कौशल्यांवरून ठरतो. सेंटरच्या आतल्या कौशल्यांनी तो भराभर चढतो, पण त्याच सेंटरचं पासिंग, हँडलिंग किंवा बाहेरचा बचाव पगारात फारसा दिसत नाही. म्हणून एकाच पगाराचे दोन सेंटर समोर असतील तर ज्याची बाकीची कौशल्यं भरलेली आहेत तो घ्यावा, आतला आकडा एखाद्या पायरीने कमी असला तरी. पोरं घडवणाऱ्यालाही हाच नियम लागतो. फक्त आतली कौशल्यं वाढवलेला सेंटर बावीसाव्या वर्षी छान दिसतो आणि चोविसाव्या वर्षी परवडेनासा होतो. एकवीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघासाठी घाईने घडवलेल्या पोरांचं अनेकदा असंच होतं.

समोरासमोर ठेवलं तर

पहिल्या दोन हंगामांत तयार गडी सरळ पुढे असतात, यात वाद नाही. तिसऱ्या-चौथ्या हंगामात दोन्ही संघ सारखे दिसायला लागतात, पण एकाचा पगार चढलेला असतो आणि दुसऱ्याकडे स्टेडियम वाढलेलं असतं. पाचव्यानंतर पोरं घडवलेला संघ पुढे जातो, तोही पोरं बरोबर निवडली आणि मिनिटं चुकवली नाहीत तरच. अर्धवट मन लावून केलेला सराव सगळ्यात वाईट: सामनेही हरतात आणि पोरंही घडत नाहीत. आठवड्यातून तीनदा संघ लावायला जमणार नसेल तर ही वाट धरू नये.

एक मधली वाट आहे, आणि नव्या संघासाठी आमचा कौल तिलाच. एकाच जागेचा सराव, तीन पोरं. उरलेल्या चार जागांवर २७ ते ३० वयाचे, बाकीची कौशल्यं भरलेले, मध्यम पगाराचे गडी. फक्त एकच काळजी घ्यावी: सराव ज्या जागेचा, तिथे महागडा गडी घेऊ नये. तो बाकावर बसून पगार खातो आणि त्याला खेळवलं की पोराची मिनिटं जातात. गार्ड घडवत असाल तर पैसा आत खेळणाऱ्या सेंटर आणि पॉवर फॉरवर्डवर घालावा. उंच पोरं घडवत असाल तर गार्ड विकत घ्यावेत.

प्रशिक्षकाबाबत हात आखडू नये, पण सगळ्यात वरच्या पातळीच्या मागेही लागू नये. त्याचा पगार आठवड्यागणिक वाढतो. मधल्या पातळीचा नवा प्रशिक्षक घेऊन काही हंगामांनी बदलला तर तीन पोरांच्या सरावाला पुरतो.

तयार गडी विकण्याची वेळही आधीच ठरवून ठेवावी. पगार हंगामातून एकदाच, नव्या हंगामाच्या उंबरठ्यावर बदलतात. हंगामात भरपूर सराव झालेला खेळाडू शेवटच्या आठवड्यांत जुन्याच पगारावर दिसतो आणि कच्चा खरेदीदार तो स्वस्त समजून घेतो. तुम्ही खरेदीदार असाल तर कौशल्यांवरून नवा पगार काय होईल याचा अंदाज बांधा आणि मगच बोली लावा. विकणारे असाल आणि गडी तिशीकडे झुकला असेल, तर प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या निर्णायक सामन्यांच्या) आधी मागणी असते तेव्हाच त्याला बाजारात ठेवा. प्लेऑफमध्ये तोच हवा असेल तर त्याची विक्रीची किंमत गेली असं धरून चाला आणि पुढच्या हंगामाचं अंदाजपत्रक त्याशिवाय मांडा.