सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं ग्राइंडिंग, जॉब जळत नाय

ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) च्या हार्डन केलेल्या पिना, ६० एचआरसीच्या (एचआरसी म्हणजे कडकपणाचं माप), आधी दुसरीकडं ग्राइंड करून घेतल्या होत्या, दिसायला चकाचक पण गरमीनं जळून निळसर डाग आणि नंतर बारीक क्रॅक, सगळा लॉट भंगारात. मग या शेडमध्ये आलो. इथला मिस्त्री कडक जॉबला मऊ ग्रेडचंच (झिजलेले कण लवकर सोडणारं) व्हील लावतो, व्हील गुळगुळीत झालं की लगेच डायमंडनं ड्रेस करतो (खरवडून परत धार आणतो), शेवटचे कट अगदी हलके घेतो आणि कुलंट नुसतं सांडत नाय तर व्हील घासतं तिथंच मारतो, कारण गरमी आत गेली की कडकपणा उतरतो बघा. एक पीस नायटलमध्ये (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण, जळालेली जागा त्यात काळी पडते) बुडवून पण दाखवला, काळा डाग एकपण नाय! रेट जरा जास्तय, दोन दिवस उशीर केला. टेम्पो बाहेरच लावा, आत वळत नाय.