हॉस्पिस, घरी येणारी टीम की प्रायव्हेट केअर सेंटर: निवडताना नेमकं काय बघायचं

"आता ट्रीटमेंट थांबवू, घरी घेऊन जा" असं डॉक्टर सांगतात आणि बऱ्याचदा त्याच दिवशी डिस्चार्जही हातात मिळतो, त्यामुळं शांतपणे विचार करायला कुणाला वेळच नसतो. मग फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, "कुणाला चांगलं सेंटर माहितीये का", आणि संध्याकाळपर्यंत दहा नावं येतात, त्यात खरं हॉस्पिस असतं (म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात दुखणं-त्रास कमी करून शेवटचे दिवस सांभाळणारी जागा), वृद्धाश्रम असतो, रिहॅब असतं, नर्सिंग ब्युरोसुद्धा असतो. आमच्या काकांच्या वेळी हे सगळं जवळून बघितलंय आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांसाठी फोनाफोनी केलीये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपल्याकडं साधारण तीन पर्याय समोर येतात. पहिला म्हणजे धर्मादाय हॉस्पिस. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, डॉ. एल. जे. डिसूझांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, त्यांचं गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही काम आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासूनचं (पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारी काळजी). दोन्हीकडं पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि दोन्ही मुळात कॅन्सर पेशंटसाठी आहेत. दुसरा पर्याय घरी येणारी टीम. टाटा हॉस्पिटलची त्यांच्या पेशंटसाठी होमकेअर आहे, मुंबईत पालकेअर म्हणजे जिमी बिलिमोरिया फाउंडेशनची टीम मोफत घरी येते, वारज्याच्या सेंटरचीही होमकेअर आहे. तिसरा पर्याय प्रायव्हेट केअर सेंटर, बंगल्यात किंवा बिल्डिंगच्या दोन मजल्यांवर चालणारं, बोर्डावर 'पॅलिएटिव्ह अँड रिहॅब' असं सगळं एकत्र लिहिलेलं. यातली काही मनापासून चांगलं काम करतात, काहींनी फक्त बोर्ड लावलाय, आणि बाहेरून बघून फरक अजिबात कळत नाही.

म्हणून बघायला गेलात की खोली, एसी, गॅलरी, बाग हे सगळ्यात शेवटी बघा. पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्याकडं तोंडानं घ्यायचं मॉर्फिन मिळतं का.

या एका प्रश्नात अर्धा निकाल लागतो. कॅन्सरचं शेवटच्या टप्प्यातलं दुखणं साध्या पेनकिलरनं बऱ्याचदा आटोक्यात येत नाही, मॉर्फिनची गोळी स्वस्त असते आणि नीट दिली तर माणूस जागा राहतो, बोलतो, दोन घास खातो. पण ती कुठल्याही मेडिकलवर मिळत नाही. पूर्वी तर ठेवायलाच चार-पाच वेगवेगळी लायसन्स लागायची, २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि आता मान्यताप्राप्त संस्थेला एकाच मंजुरीवर ठेवता येतं. म्हणजे ज्या सेंटरला खरंच हे काम करायचंय त्यानं ती मान्यता घेतलेली असते, किंवा निदान कुठून आणायचं याची पक्की सोय केलेली असते. धर्मादाय हॉस्पिस इथं सरळ पुढं आहेत, मॉर्फिन हा त्यांचा रोजचा विषय आहे. चांगल्या होमकेअर टीमचंही तसंच. प्रायव्हेटमध्ये मात्र "आम्ही ट्रामाडॉल (मॉर्फिनपेक्षा कमी ताकदीचं पेनकिलर) देतो, इंजेक्शन देतो, गरज पडली तर बघू" असं उत्तर आलं तर मॉर्फिनची सोय नाही हे समजून घ्या.

मॉर्फिन आहे म्हणाले की पुढं विचारा, कसं देता? साधी गोळी असेल तर ती साधारण चार-चार तासांनी ठरलेल्या वेळेला द्यायची असते, दुखायला लागल्यावर नाही, आणि मध्येच दुखणं उसळलं तर त्यासाठी जादा डोस आधीच लिहून ठेवलेला असतो. आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच. जो डॉक्टर मॉर्फिन लिहितो आणि पोट साफ व्हायचं औषध लिहीत नाही त्याला या कामाची सवय नाही असं खुशाल समजा. गोळीऐवजी कातडीवर चिकटवायचा फेंटानिलचा (मॉर्फिनसारख्याच औषधाचा) पॅच लावला असेल तर तो साधारण तीन दिवसांनी बदलतात आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नसते, कारण उष्णतेनं औषध जास्त वेगानं अंगात जातं. हे सिस्टरनं न विचारता सांगितलं तर ती जागा चांगली आहे.

काकांना आधी एका प्रायव्हेट सेंटरला ठेवलं होतं, नाव घेत नाही. तिथं बेडच्या पायाशी फाईल अडकवलेली, त्यात पेनचा एक कॉलम, आणि दर चार तासांनी 'शून्य' लिहिलेलं, सगळे शून्य एकाच पेनानं, एकाच हातानं, अगदी एका ओळीत, आणि त्यात संध्याकाळचे सहा वाजायचे होते तरी सहाचा रकाना भरलेला होता. काका तेव्हा भिंतीकडं तोंड करून चादर मुठीत धरून पडले होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून सांगतो, भेट द्याल तेव्हा परवानगी घेऊन एखादा चार्ट कसा भरतात ते बघा आणि सिस्टर पेशंटशी बोलताना दुखणं कसं विचारते ते ऐका. "बरं आहे ना काका?" असं विचारलं की आपली माणसं "हो" च म्हणतात, त्रास नको म्हणून. "शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडं, आता किती?" किंवा साधं "रात्री दुखण्यानं किती वेळा उठलात?" असं विचारणारी सिस्टर वेगळी असते. नंतर घरी आलेल्या टीमच्या सिस्टरनं पहिली दहा मिनिटं फक्त हेच विचारलं होतं, बीपी नंतर घेतलं.

आता रात्र. सगळे पर्याय सकाळी अकरा वाजता चांगले दिसतात. प्रायव्हेट सेंटरला रात्री डॉक्टर असतो की 'ऑन कॉल' असतो, आणि सिस्टर खरी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली) आहे का, म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का, की ब्युरोची मावशी पांढरा ड्रेस घालून बसते? मावश्या-मामा फार कष्टानं काम करतात, स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं हे त्यांच्याशिवाय होतच नाही, पण इंजेक्शनचा निर्णय त्यांच्यावर सोडणं त्यांच्यावरही अन्याय आहे. किती पेशंटमागं एक सिस्टर, हे रात्रीच्या शिफ्टसाठी वेगळं विचारा.

होमकेअरचा खरा कच्चा दुवाही रात्रच आहे, टीम घरात राहत नाही, आठवड्यातून एकदा-दोनदा येते, बाकी फोनवर. त्यांना विचारा, रात्री दोनला दुखणं वाढलं किंवा धाप लागली तर आम्ही काय करायचं? "हॉस्पिटलला न्या" एवढंच उत्तर असेल तर उपयोग नाही. चांगली टीम जादा डोस आधीच घरात ठेवून, कागदावर मराठीत लिहून, घरातल्या दोघांना दाखवून जाते आणि रात्री उचलला जाणारा नंबर देते. नाव नोंदवायच्या आधी तो नंबर एकदा रात्री साडेदहा-अकराला लावून बघा, त्यात संकोच वाटून घेऊ नका.

हॉस्पिसमध्ये रात्री माणसं असतात, हा त्यांचा मोठा फायदा. पण नातेवाईकाला रात्री थांबू देतात का हे प्रत्येक जागी वेगळं असतं, ते आधी विचारून घ्या, कारण काही पेशंट घरचं माणूस दिसलं नाही की घाबरतात, विशेषतः म्हातारी माणसं आणि ज्यांना बोलता येत नाही असे.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे पण विचाराच: तब्येत अचानक ढासळली तर तुम्ही काय करता? अँब्युलन्स बोलावून आयसीयूला हलवतो, असं कुणी अभिमानानं सांगितलं तर ते हॉस्पिस नाही. काही प्रायव्हेट सेंटरची मोठ्या हॉस्पिटलशी टायअप असते आणि शेवटच्या दोन दिवसांत पेशंट व्हेंटिलेटरवर जातो, घरच्यांना काचेतून बघावं लागतं, जे टाळायला आपण तिथं गेलो तेच होतं. चांगली जागा आधीच बसवून बोलते, पेशंटला काय हवंय, नळी नको, छातीवर दाबणं नको, हे लिहून ठेवते. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये अशा आधी लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती प्रक्रिया बरीच सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर होतं. पेशंट शुद्धीवर असेल तर हे करून घ्या.

स्वच्छता बघायची तर फरशी बघू नका, टाचा बघा. म्हणजे पेशंटच्या टाचा आणि कमरेखालचा भाग, बेडसोअर तिथंच आधी येतात. एअर बेड आहे का, कूस किती वेळानं बदलतात, तोंड दिवसातून किती वेळा पुसतात. आपल्याकडं तंबाखू-गुटख्यामुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप, गालाची जखम फुटलेली असते आणि वासामुळं नातवंडं जवळ येत नाहीत, त्या माणसाला हे कळत असतं आणि त्याचं दुखणं औषधापलीकडचं असतं. या वासावर उपाय आहे, मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून त्याची पूड ड्रेसिंग करताना जखमेवर टाकतात, वास बराच कमी होतो. वांद्र्याला-वारज्याला हे रोज चालतं. साध्या नर्सिंग होममध्ये बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, ते उदबत्ती लावतात आणि दार लोटून घेतात. तुमच्या पेशंटला अशी जखम असेल तर "वासाला काय करता" हे तोंडावर विचारा.

जेवणखाण, भजन, टीव्ही, देवाचा फोटो यावर फार वेळ घालवू नका, बहुतेक ठिकाणी तडजोड होते. फक्त एक, पेशंट खात नाही म्हणून लगेच नाकात नळी घालायचा आग्रह कुणी धरत असेल तर का ते विचारा. शेवटच्या दिवसांत भूक जाते, जबरदस्तीनं भरवलं तर ठसका लागतो, त्रासच वाढतो. घशाच्या कॅन्सरमध्ये नळी बऱ्याचदा आधीपासून असते ती गोष्ट वेगळी.

पैशाचं बोलू. धर्मादाय हॉस्पिसला खर्च नाही, पण कागद लागतात: बायोप्सी रिपोर्ट, पुढं बरं करणारी ट्रीटमेंट नाही असं डॉक्टरांचं पत्र, आधारकार्ड, आणि बेड रिकामा असायला हवा. होमकेअर टीम मोफत असली तरी घरचा खर्च असतो, एअर बेड, भाड्याचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बारा तासांची मावशी, आणि घरातल्या कुणाची तरी सुट्टी. प्रायव्हेटला रोजचा रेट सांगतात तो फक्त बेडचा असू शकतो. डायपर, सक्शन, ड्रेसिंग, डॉक्टर व्हिजिट वेगळं लागतं, म्हणून मागच्या एखाद्या पेशंटचं नाव झाकून पूर्ण बिल दाखवायला सांगा. डिपॉझिट परत मिळतं का, पेशंट दोनच दिवसांत गेला तर महिन्याचे पैसे कापतात का, हे लेखी घ्या. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असायला हवं, नसेल तर मागा. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या एजन्सीला) आधी मेल करून उत्तर घ्या.

मग कुणी काय निवडावं? माझं सरळ मत असं की घरात धडधाकट दोन माणसं असतील, वेगळी खोली नसली तरी कॉट आणि जवळ संडास असेल, आणि रात्रीचा फोन उचलणारी टीम तुमच्या भागात येत असेल, तर घरच. आपल्या बहुतेक माणसांना आपल्याच घरात राहायचं असतं. दुखणं अजिबात आटोक्यात येत नसेल, मोठी जखम असेल, किंवा घरी सांभाळणारी एकटी वयस्कर बायको असेल तर हॉस्पिस, आणि हॉस्पिसला पाठवणं म्हणजे टाकून देणं असं कुणी नातेवाईक म्हणाला तर त्याला एक रात्र जागायला बोलवा. शिवाय हॉस्पिसला गेलं की परत यायचं नाही असंही नसतं, वारज्याला बरेच पेशंट काही दिवस राहतात, औषध बसलं की घरी जातात, तोवर घरच्यांनाही ड्रेसिंग, नळी, डोस सगळं शिकून होतं. प्रायव्हेट सेंटर तेव्हा, जेव्हा आजार कॅन्सरचा नाही, डिमेन्शिया आहे, किडनी गेलीये, पॅरालिसिस आहे, आणि घरी कुणी नाही, मुलं परदेशात आहेत. पण तेव्हाही बाहेरचा पॅलिएटिव्ह डॉक्टर तिथं व्हिजिटला येऊ देतील का विचारा. जे सेंटर आनंदानं हो म्हणतं ते निवडा. लहान गावात असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का बघा, आणि पॅलियम इंडिया या केरळच्या संस्थेकडं राज्यवार केंद्रांची यादी आणि हेल्पलाइन आहे, तिथून जवळचं नाव मिळतं.

एक गोष्ट घरी ठेवणाऱ्यांसाठी, कारण ही ऐनवेळी फार अडते. घरी माणूस गेला तर मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो असल्याशिवाय स्मशानभूमीत अडचण येते. पहाटे चारला ओळख नसलेला डॉक्टर सही करत नाही, आणि ते बरोबरही आहे. म्हणून टीमला पहिल्याच भेटीत विचारा की दाखला कोण देणार, रात्री-पहाटे येणार का, आणि नसतील येणार तर गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच घरी बोलवून पेशंट दाखवून ठेवा, फाईलची एक झेरॉक्स त्यांच्याकडं द्या आणि दर आठवड्याला एकदा त्यांची चक्कर होऊ द्या.