मीटर बंद शे म्हने! बँकॉकच्या टॅक्सीत आपला माणूस कसा फसतो

बियाणं, खतं, नाहीतर पाइपवाल्या कंपनीच्या स्कीमचं टार्गेट पूर्ण केलं की डीलरला परदेश टूर लागते, आणि ती बहुतेक वेळा बँकॉक-पटायाचीच असते. अमळनेर, चोपडा, शहादा, शिरपूर, कुठल्याही कृषी केंद्रात डोकावा, काउंटरमागे हत्तीसोबतचा फोटो लावलेला सापडतोच. २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना थायलंडचा व्हिसा माफ झाला, तेव्हापासून घरचे लोकही स्वतःच्या खर्चाने निघायला लागलेत. कंपनीच्या बसमध्ये कोणी फसत नाही. गडबड होते ती मोकळ्या दिवशी, तीन-चार जण मिळून टॅक्सी करतात तेव्हा.

मी मूळचा एरंडोल तालुक्यातला, नोकरीमुळे बँकॉकला राहतो. गावाकडची मंडळी आली की माझ्याकडे जेवायला येतात आणि येताना टॅक्सीचा एखादा किस्सा घेऊनच येतात. त्यातला एक दाजींचा आणि एक माझा स्वतःचा, असे दोन सांगतो. पुढच्या महिन्यात ज्यांच्या टूर आहेत त्यांनी तरी वाचा.

आधी खरा हिशोब. बँकॉकच्या टॅक्सीला १९९२ पासून मीटर आहे. तेव्हाही ते ३५ बाथवर पडायचं आणि साध्या टॅक्सीचं आजही ३५ वरच पडतं. मोठ्या गाडीचं ४० वर. २०२३ च्या जानेवारीत दर वाढले ते पुढच्या किलोमीटरचे. पहिला किलोमीटर त्या ३५ मध्येच, मग दहा किलोमीटरपर्यंत किलोमीटरला साडेसहा बाथ, वीसपर्यंत सात, चाळीसपर्यंत आठ. ट्रॅफिकमध्ये गाडी तटली की मिनिटाला तीन बाथ. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. म्हणजे एसी गाडीत नऊ किलोमीटर जायचं आणि वर अर्धा तास जाममध्ये काढायचा, तरी मीटर १८० च्या आसपास थांबतं. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने हे स्वस्तच आहे. ड्रायव्हर लोकांची ओरड तीच आहे. बरेच जण गाडी बारा तासांच्या पाळीवर भाड्याने घेतात, गॅस स्वतःचा, आणि जाममध्ये मिनिटाला मिळणाऱ्या तीन बाथमध्ये पोट भरत नाही म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाही. पण त्याची वसुली ते परक्या गिऱ्हाइकाकडून करतात.

आता दाजींचं. दाजींचं अमळनेरकडे कृषी केंद्र आहे, कापसाचं बियाणं आणि ठिबकचं सामान. कंपनीच्या टूरवर आले आणि ग्रुपबरोबर प्रातूनाम भागात उतरले. आपल्या टूरवाल्यांची तिथे ठरलेली हॉटेलं आहेत, खाली पंजाबी-गुजराती जेवण मिळतं. रविवारी त्यांना आणि त्यांच्या दोन मित्रांना मी शेवभाजी खायला बोलावलं होतं. माझं घर ऑन नुटला, प्रातूनामपासून नऊ-एक किलोमीटर. मी न्यायला येतो म्हटलं, तर दाजी म्हणाले, "आम्ही काय लहान पोरं आहोत का?"

दारात आले तेच कुस्ती जिंकल्यासारखे. चपला काढायच्या आधीच आमच्या अहिराणीत म्हणाले, "शालकबुवा, आठशे सांगे तो, पाचशेमा आनं त्याले!"

मी विचारलं, "दाजी, मीटर नव्हतं का?"

"मीटर बंद शे म्हने." (मीटर बंद आहे म्हणे.)

हॉटेलच्या दारात उभी असलेली टॅक्सी. ड्रायव्हर मागच्या दाराला टेकून उभा. यांनी पत्ता दाखवला, त्याने मोबाइलवर ८०० टाइप करून स्क्रीन यांच्यापुढे धरली. दाजींनी मोबाइल घेतला, ३०० लिहिलं. त्याने मान हलवली, ७००. दाजी मित्रांना "चला रे" म्हणून चार पावलं पुढे गेले. हा डाव आपल्याकडे पोरगंही खेळतं. मागून हाक आली, ६००. आणखी दोन पावलं. ५००. बसले. रस्ताभर ड्रायव्हर हसून बोलत होता, "इंडिया गुड, इंडिया गुड" म्हणत होता. मीटरवर त्याने एक टॉवेल टाकून ठेवला होता.

मी कागद घेऊन वरचा हिशोब मांडला. १८० आला. दाजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "अरे, पण मग तो आठशेवरून खाली का आला?"

तो आकडा खाली यायलाच सांगितलेला असतो. मला हा लेख लिहावासा वाटला तो याच प्रश्नामुळे. सगळीकडे सल्ला काय मिळतो? "परदेशात टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या." जिथे मीटर आहे आणि मीटरच कायदा आहे, तिथे हा सल्ला चोराच्या हातात किल्ली देण्यासारखा आहे. आणि आपण खान्देशातले लोक तर त्याला आधीच तयार असतो. जळगाव-भुसावळला मीटर टाकून नेणारा रिक्षावाला मला तरी आठवत नाही. शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही, स्पेशल केली तर बोलाचाली करून ठरवायचं. गावाकडे ते चालतं, कारण स्टेशनपासून नेहरू चौकाला किती लागतात हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. तो वीस जास्त सांगतो, मी दहा कमी देतो, दोघं खूश. बँकॉकमध्ये खरा भाव फक्त त्याला माहीत असतो. खेडा खरेदीत मार्केटचा भाव न विचारता व्यापाऱ्याकडून क्विंटलमागे शंभर रुपये वाढवून घेतल्याचा आनंद जसा, तसा दाजींचा पाचशेचा आनंद.

आणखी एका गोष्टीत लोक गोंधळतात. "परदेशी माणसाला दर जास्त असतोच, तिथली पद्धतच आहे," असं ड्रायव्हर सांगतो आणि आपल्याला पटतंही. कारण काही ठिकाणी ते खरं असतं. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसला परदेशी माणसाला ५०० बाथ तिकीट आहे, थाई माणसाला काहीच नाही. आपल्या अजिंठ्यालाही भारतीयाला ४० रुपये आणि परदेशीला ६०० रुपये आहेतच की. पण ते तिकीट खिडकीवर लिहिलेलं असतं, सरकारने ठरवलेलं असतं. मीटरला दोन दर नसतात. आत कोण बसलाय हे मीटर बघत नाही, म्हणूनच ड्रायव्हरला ते झाकायचं असतं. (जळगाव स्टेशनवर पाठीवर सॅक टाकून अजिंठ्याला निघालेला परदेशी पाहुणा उतरला की आपल्याकडेही साठ किलोमीटरचे भलभलते आकडे निघतात. मी लहानपणापासून बघितलंय. पण तो विषय वेगळा, त्यावर तिथल्यांनीच लिहावं.)

आता माझं. इतकी वर्षं राहून, सगळे दर पाठ असून, मीटर चालू असताना फसवलं गेलं, म्हणून सांगतो.

गावाहून परत आलो होतो. सुवर्णभूमी विमानतळावर रात्री उशिरा उतरलो. बायको, झोपलेला मुलगा, आणि कळण्याचं पीठ, केळी वेफर्स, मसाले यांच्या बॅगा. तिथली पद्धत खरं तर चांगली आहे. तळमजल्यावर मशीन आहे, बटण दाबलं की चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर लेनचा नंबर असतो, त्या लेनवर उभी असलेली टॅक्सी आपली. भाड्यावर साध्या टॅक्सीला ५० बाथ विमानतळाचे, आणि टोल प्रवाशाने द्यायचा. चिठ्ठी प्रवाशाने स्वतःकडे ठेवायची असते, कारण तक्रार करायची तर तोच पुरावा.

ड्रायव्हरने बॅगा डिकीत टाकता टाकता हात पुढे केला, "पेपर, पेपर." इतक्या सहज, की जणू तिकीट फाडायला मागतोय. मी मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात गेली. मीटर मात्र त्याने लगेच टाकलं, ३५ वर. मी निश्चिंत झालो.

मोटरवेला लागताच म्हणाला, "टोल. टू हंड्रेड." त्या रस्त्याला दोन नाके लागतात, एकावर २५ आणि दुसऱ्यावर ५० बाथ. मी म्हटलं नाक्यावर देतो. तो म्हणाला, रात्री सुटे नसतात, आधी द्या. दोनशे दिले, उरलेले परत करशील म्हटलं. "यस, यस." दोन्ही नाक्यांवर त्याने स्वतःच्या गल्ल्यातून सुटे दिले. १२५ तिथेच जिरले.

खरी करामत शेवटी झाली. माझी गल्ली यायच्या शंभर-दीडशे मीटर आधी मी बायकोला उठवायला मागे वळलो. "टिक" असा बारीक आवाज आला. पुढे बघतो तर त्याचा अंगठा मीटरच्या बटणावर आणि लाल आकडे गेलेले. गाडी थांबवून म्हणाला, "फाइव्ह हंड्रेड." मी म्हटलं, मीटरवर सव्वादोनशेच्या वर नव्हतं, त्यात ५० धर, पावणेतीनशे. तो म्हणाला, "फिनिश, फिनिश, फाइव्ह हंड्रेड," आणि डिकीचं बटण काही दाबेना. रात्रीची वेळ, मुलगा रडायला लागलेला, सगळ्या बॅगा त्याच्या ताब्यात. पाचशे दिले तेव्हा डिकी उघडली. चिठ्ठी मागितली तर गाडी निघालीसुद्धा. सगळं मिळून साडेतीनशेचा प्रवास सातशेला पडला.

म्हणजे मीटर चालू आहे एवढ्यावर भागत नाही. त्या प्रवासात मीटरमध्ये काही खोट नव्हती. चिठ्ठी, टोल, शेवटचं बटण आणि डिकी, लूट या चार जागी झाली. त्यामुळे आता मी, आणि माझ्या सांगण्यावरून आमच्याकडचे सगळे, काही गोष्टी न चुकता करतो. विमानतळावरची चिठ्ठी ड्रायव्हरला दाखवायची, द्यायची नाही. मागितली तर आधी मोबाइलमध्ये फोटो काढायचा. टोलचे पैसे नाक्यावरच, आपल्या हाताने. उतरायचं ठिकाण जवळ आलं की गप्पा बंद, नजर मीटरवर, जमलं तर आकड्याचाही फोटो. एक तरी बॅग, ज्यात पासपोर्ट आहेत ती, मांडीवर. आणि खिशात वीसच्या हिरव्या आणि शंभरच्या लाल नोटा भरपूर. हजाराची नोट पुढे केली की "नो चेंज" ठरलेलं, आणि सुटे नाहीत म्हटलं की आपणच म्हणतो, राहू दे.

शहरात टॅक्सी पकडताना हॉटेलच्या, मॉलच्या, देवळाच्या दारात उभी असलेली गाडी सोडून द्या. ती गिऱ्हाइकाची नाही, बकऱ्याची वाट बघत असते. पन्नास पावलं चालून मोठ्या रस्त्यावर या आणि चालती गाडी थांबवा. पुढच्या काचेत लाल दिवा लागलेला असेल तर गाडी रिकामी. दार उघडून, आत न बसता, "मीटर ख्रप?" एवढंच विचारा, बायकांनी "मीटर ख?" नाही म्हणाला की दार लावा, हसा आणि पुढची बघा. भाव विचारू नका. त्याने आकडा सांगितला की खेळ सुरू झाला आणि त्या खेळात आपण हरतोच, कितीही खाली आणलं तरी. पाऊस पडत असेल किंवा संध्याकाळी ऑफिस सुटायची वेळ असेल तर चार-पाच गाड्या नाही म्हणतील. तेव्हा ग्रॅबसारखं अॅप वापरा, भाडं आधीच दिसतं. नाहीतर सरळ स्कायट्रेन.

टुकटुकला मीटरच नसतं, तिथे ठरवावंच लागतं. हौस म्हणून एक चक्कर मारा. पण कोणी म्हणालं की "आज पॅलेस बंद आहे, वीस बाथमध्ये सगळं बँकॉक दाखवतो," तर समजा की तो तुम्हाला रत्नांच्या नाहीतर सूटच्या दुकानात नेणार. तुम्हाला आत नेऊन बसवल्याबद्दल त्याला दुकानाकडून इंधनाची कुपनं मिळतात. पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो, गेटवर जाऊन स्वतः बघा. ताई आणि तिच्या मैत्रिणींना असंच एका दुकानात नेलं होतं. "एक्स्पोर्ट भाव आहे, तुमच्या देशात दुप्पट किमतीला विकाल," म्हणून नीलम दाखवले. ताईने दोन-तीन हातात घेतले, उजेडात फिरवले आणि विचारलं, "बिल कुठलं देणार? आणि मला नको झाला तर परत कोण घेणार, तू?" जळगावच्या सराफात लहानपणापासून आईबरोबर जाऊन बसलेली बाई ती. दुकानदाराने एसी बंद केला म्हणे. काही न घेता बाहेर आल्या तर टुकटुकवाला तोंड पाडून उभा, परत न्यायला तयार नाही.

तक्रारीचं विचारतात म्हणून सांगतो. मीटर न टाकणं आणि भाडं नाकारणं, दोन्हीला तिथे दंड आहे. वाहतूक खात्याचा नंबर १५८४, पर्यटक पोलिसांचा ११५५. टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी आणि थाई, आपल्याला वाचता येत नाहीत, म्हणून बसतानाच फोटो काढा. आत दारावरही नंबरची पाटी असते, तिचाही काढा. माझ्या रात्रीच्या त्या गाडीचा नंबर बायकोने बसताना सहज मोबाइलमध्ये टिपला होता, त्यावर मी तक्रार टाकली. काही दिवसांनी ऑफिसमधल्या थाई सहकाऱ्याकडून तिथे फोन लावून चौकशी करवली, तर ड्रायव्हरला बोलावून दंड केल्याचं कळलं. पैसे मात्र परत मिळत नाहीत. चिठ्ठी असती तर काम आणखी लवकर झालं असतं, असं तक्रारीच्या फोनवरची बाई म्हणाली.