अंबरमधला भुंगेरा की दगडातला?

भुंगेऱ्यांची उत्क्रांती समजून घ्यायला कोणता जीवाश्म जास्त कामाचा? दिसायला अंबर, म्हणजे झाडाची घट्ट होऊन जीवाश्म बनलेली राळ, केव्हाही सरस. राळेत अडकलेला किडा चपटा होत नाही. मिशा, पायांवरचे केस, जबडे सगळं जागच्या जागी राहतं, आणि मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी केलेलं अतिसूक्ष्म त्रिमितीय स्कॅन) केलं तर न कापता आतही डोकावता येतं. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये 'अँजिमॉर्डेला' नावाचा भुंगेरा सापडला, तोही अंगाला परागकण चिकटलेल्या अवस्थेत. फुलं आणि कीटक यांचं नातं तेव्हाच जुळलं होतं, याचा इतका थेट पुरावा दगडातून क्वचितच मिळतो. (डीएनए मात्र मिळत नाही. ते सिनेमापुरतंच.)

पण अंबर पक्षपाती आहे. त्यात सापडतात ते बहुतेक जंगलातले आणि लहानखुरे. दणकट भुंगेरा राळेतून सुटून जातो. शिवाय कीटक असलेलं अंबर मुबलक मिळतं ते क्रेटेशियसपासून, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडापासून. भुंगेऱ्यांची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची, पर्मियन काळातली, म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुनी. तिथे दगडच बोलतो. बऱ्याचदा हाती लागतं ते फक्त पुढच्या पंखांचं कठीण कवच, पण त्यावरच्या शिरा आणि खळग्यांची जाळी पाहूनही आदिम गट ओळखता येतात. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीत तर सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या भुंगेऱ्यांची धातूसारखी चमकसुद्धा टिकून आहे.

वंशवृक्षाचं मूळ शोधायचं असेल तर मी दगडच निवडेन. वागणूक आणि बारीक शरीररचना हवी असेल तर अंबर.