घरच्या वर्कशॉपला लेथ: राजकोटचं नवं की अंबडच्या गाळ्यातलं जुनं?

बंगल्यामागच्या शेडमध्ये साडेचार फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापून आकार देणारं मशीन) टाकायचं म्हटलं की नाशिकमध्ये साधारण दोन रस्ते. डीलरकडून राजकोटचं नवं कोरं, नाहीतर अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या एखाद्या गाळ्यातलं चालू मशीन थेट मालकाकडून. मी दोन्हीकडे भाव करून शेवटी जुनं घेतलं, त्यामुळे माझं वजन थोडं त्या पारड्यात पडणार, तेवढं धरून वाचा.

नव्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. बिल मिळतं, बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया) झिजलेला नसतो, घरच्या विजेवर चालणारी सिंगल फेज मोटर लावून मागता येते, काही बिघडलं तर फोन करायला कोणीतरी असतं. पण मला ज्या गोष्टीचा खरंच वैताग आला ती म्हणजे किंमत एका जागी थांबतच नाही. फोनवर सांगितलेला आकडा म्हणजे नुसतं मशीन. मग हळूहळू कळतं की मोटर वेगळी, स्टार्टर वेगळा, चक (काम पकडून फिरवणारा पंजा) वेगळा, चार जबड्यांचा फोर जॉ चक पाहिजे तर त्याचे अजून, लांब कामाला आधार देणारी स्टेडी एक्स्ट्रामध्ये, मग पॅकिंग, मग ट्रान्सपोर्ट, आणि वरून १८ टक्के जीएसटी. मी घासाघीस करून थोडे पैसे कमी करून घेतले तर पुढच्या कोटेशनमधून टूल पोस्टच, म्हणजे कापायचं हत्यार धरणारा भागच, गायब! डीलरचं मार्जिन तसं बेताचंच असतं, रुपये सोडायला त्याला फार जागा नसते हे मान्य, पण मग निदान सगळं एकदम सांगा ना. माझं मन तिथंच उठलं.

तरी नवंच घ्यायचं असेल तर रुपयांच्या मागे लागू नका, वस्तू मागा. मोटर, स्टार्टर, चक, आटे पाडायला लागणाऱ्या चेंज गिअरचा पूर्ण सेट, टॅक्स, घरपोच, सगळं धरून एकच आकडा लेखी घ्या आणि मग दुसऱ्या डीलरचा तसाच आकडा शेजारी ठेवा. त्याशिवाय तुलना होतच नाही.

गाळेवाल्याशी व्यवहार एकदम वेगळा. त्याला कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन बसवायचं असतं किंवा गाळा खाली करायचा असतो, म्हणजे त्याला पैशाइतकीच जागाही हवी असते. त्याचा तळाचा भाव म्हणजे भंगारवाला बिडाला (कास्ट आयर्नला) किलोमागे देईल तो, म्हणून तो दर आधीच विचारून जा, आपण बोलतोय ते भंगाराच्या किती वर हे डोक्यात राहतं. आणि भाव आधी काढायचाच नाही, आधी मशीन बघायचं.

बघायचं म्हणजे काय, तर रंग नाही. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार वाहून नेणारा भाग) चकजवळ आणून त्याची गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, घट्ट करा, हाताने सरकेल इतपतच, आणि मग दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्या. जुनं मशीन चकजवळच जास्त चाललेलं असतं, त्यामुळे बेड तिथे झिजलेला असेल तर पुढे जाता जाता सॅडल जड होत जातं, कधी कधी अडकतंच. हे मालकासमोर करा, काही बोलायची गरज पडत नाही, भाव तोच खाली आणतो. हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना जाणवणारी ढिलाई) मात्र मी फार मनावर घेत नाही, गनमेटलचा नट अंबडमध्ये कोणीही टर्न करून देतो.

जुन्या मशीनची मोटर बहुतेक वेळा थ्री फेज, म्हणजे कारखान्याच्या विजेवर चालणारी, असते आणि इथेच लोक माघार घेतात. घरच्या २३० व्होल्टवर व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज तयार करणारा डबा) लावून लहान मोटर छान चालते, फक्त ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत असलेली मोटर डेल्टा जोडणीत बदलून घ्यावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायर असतील तर सोपं, तीनच असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार पॉइंट बाहेर काढून घ्यावा लागतो. हा खर्चही बोलणीत काढा, तो खरा आहे.

मला जुन्याकडे ओढलं ते मात्र मशीनने नाही, त्याच्या मागच्या रॅकने. रिव्हॉल्व्हिंग सेंटर, फोर जॉ, फेस प्लेट, कॅरिअर, टूलच्या पट्ट्या, सगळं तिथंच धूळ खात पडलेलं, मालकाला लेथ गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आकडा ठरत आला आणि तो अडून बसला की तुमचा आकडा मान्य, रॅकसकट द्या, एवढंच म्हणायचं. लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंची असेल तर १२७ दातांचा गिअर आहे का ते आवर्जून बघा, त्याच्याशिवाय मेट्रिक आटे बरोबर पडत नाहीत. नव्यात ज्या एकेका वस्तूचे वेगळे पैसे मोजत होतो ती इथे हात मिळवताना सोबत येते. लोडिंग त्यांचं, टेम्पो आपला, हेही इसार देण्याआधीच बोलून घ्या, हायड्राचे (मशीन उचलणाऱ्या क्रेनचे) पैसे कोण देणार यावरून ठरलेले सौदे मोडतात.

जुनी मशीन रंगवून विकणारे दलालही आहेत, काही चांगले असतीलही, पण त्यांच्याकडे रॅक नसतो आणि मशीन कोणत्या कामावर चाललंय हे सांगणारा माणूसही नसतो. मी त्या वाटेला गेलो नाही.

फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल किंवा तपासायला सोबत कोणी जाणता नसेल तर नवं छोटं बेंच लेथच बरं, त्यात वाद नाही. खाली शेड असेल आणि थोडं थांबायची तयारी असेल तर दसऱ्याच्या आधी सातपूर-अंबडला ओळखीच्या टर्नरला विचारत राहा, खंडेनवमीला नवीन मशीनची पूजा करायची असली की जुनं हलवायची घाई मालकालाच असते.