कंपोझिशन की नियमित जीएसटी? सावंतवाडीच्या हार्डवेअर दुकानदारासाठी

वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर दोन्ही वाटा खुल्या असतात. कंपोझिशन म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीतली सोपी योजना; तीत व्यापाऱ्याला विक्रीवर फक्त १ टक्का भरायचा असतो. पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही आणि खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही.

आकडेच बघू. ८०,००० चा माल १८ टक्के करासह ९४,४०० ला घेतला आणि गिऱ्हाइकाला १,१८,००० ला विकला. नियमित पद्धतीत विक्रीतल्या १८,००० करामधून खरेदीवर आधी भरलेले १४,४०० वजा करून ३,६०० भरायचे. हाती २०,००० उरतात. कंपोझिशनमध्ये १,१८० भरून २२,४२० उरतात. घरगुती गिऱ्हाईक असेल तर कंपोझिशनच फायद्याचं, यात मला शंका वाटत नाही.

पण बांधकाम कंत्राटदार दारात आला की चित्र पालटतं. त्याला कराची वजावट मिळेल असं बिल हवं असतं, आणि कंपोझिशनवाला ते देऊ शकत नाही. शिवाय सावंतवाडीहून गोवा इतकं जवळ, तरी म्हापशाच्या दुकानदाराला माल पाठवला की ती आंतरराज्य विक्री ठरते, आणि कंपोझिशनमध्ये तिला मनाई आहे. सीमेवरच्या माणसाला ही अट फार जाचते. त्याची अर्धी बाजारपेठच पलीकडे असते.

कागदपत्रांचं ओझं मात्र कंपोझिशनमध्ये हलकं: तिमाहीला कर, वर्षाला एक विवरणपत्र. गोव्यात घाऊक माल जात असेल, तर मी नियमितच नोंदणी घ्यायला सांगेन.